शेजार



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा आम्ही त्यांना आधीच सांगून टाकले की, आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि परळच्या एका वाचनालयात झाले. तिथे पंखा एकच होता आणि वर्तमानपत्र हाती येईपर्यंत दुपार होत असे. अशा माणसाने व्याख्यान काय द्यावे? चालक म्हणाले, हकीकत सांगा. हकीकत आम्हांला सांगता येते. ती आमच्या फायद्याची नाही, एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो.

घर बांधायला काय काय लागते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जमीन लागते, सिमेंट लागते, पैसा लागतो, परवानगी लागते. गरिबासाठी सरकारने घर बांधायचे म्हटले की आणखी एक वस्तू लागते आणि ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे शेजाऱ्याची राजीखुशी. तीस वर्षे युनियनचे काम करताना आम्ही मालकाशी भांडलो, सरकारशी भांडलो. त्या भांडणांची रीत ठरलेली असते. मोर्चा असतो, नोटीस असते, वाटाघाट असते. शेजाऱ्याशी भांडावे कसे, हे मात्र कोणत्याही युनियनच्या वर्गात शिकवीत नाहीत.

गिरणगावाची कथा थोडक्यात सांगतो, कारण आपणांपैकी पुष्कळांनी ती ऐकलेली असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरून गेला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात होते. भोंगा बंद झाल्यावर पहिले काही दिवस आई सकाळी चुकीच्या वेळी उठत असे, एवढे आम्हांला स्पष्ट आठवते.

गिरण्या बंद पडल्या, तरी त्यांची जमीन जागच्या जागी होती. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा या पट्ट्यात मिळून सुमारे ६०० एकर. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची असेल, तर ढोबळमानाने तिचे तीन भाग करावेत. एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. हा हिशेब चुलीपुढे बसलेल्या बाईलाही समजेल इतका सरळ होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त जिच्यावर बांधकाम नाही तिची. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी बांधलेलीच जमीन. भाकरी तीन ठिकाणी वाटायची ठरली होती, आता तिच्या कडेचा पापुद्रा तीन ठिकाणी वाटायचा ठरला! पर्यावरणाचे काम करणाऱ्या एका संस्थेने याविरुद्ध दाद मागितली. २००५ साली उच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याच सुमारास, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली. आता तिथे काय उभे आहे ते आपण मुंबईस गेलात तर मान वर करून पाहावे. टोपी असेल तर धरावी.

तरीही काही घरे निघाली. जून २०१२ मध्ये गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत झाली. पुढे २०१६ आणि २०२० साली आणखी सोडती निघाल्या. या सगळ्यांत मिळून घरे सुमारे १६ हजार आणि अर्ज मात्र दीड लाखाच्या वर. पहिल्या सोडतीतले घर सव्वादोनशे चौरस फुटांचे होते आणि किंमत साडेसात लाख रुपये. ज्याला लागले त्याने देवापुढे नारळ फोडला. ज्याला लागले नाही त्याला पुढे शेलू नि वांगणीची नावे ऐकवण्यात आली. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर म्हातारे कामगार जमले ते याचसाठी, की ज्या मुंबईत हाडे झिजली तिथेच घर द्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या भागात अशीच एक कामगारांची इमारत उभी राहिली. गिरणीचे नाव सांगत नाही, शेजारच्या मनोऱ्याचेही सांगत नाही. कारण नाव सांगितले की लोक नावालाच शिव्या देतात आणि गोष्ट बाजूला राहते. जमिनीचा पुढचा भाग, जिथून समुद्राचा वारा येतो, तो मालकाने विकला. मागचा कोपरा म्हाडाला मिळाला. पुढे मनोरा, मागे कामगारांची इमारत. मुख्य रस्त्याला जायची वाट मनोऱ्याच्या कडेने आणि तिच्यावर एक लोखंडी फाटक. मागच्या बाजूला दुसरी एक गल्ली होती, पण पावसाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी साचे आणि एरवीही रुग्णवाहिका तिच्यात वळत नसे.

२०१३ साली मनोऱ्याच्या मंडळींनी म्हाडाला आणि महापालिकेला एक अर्ज दिला. मागणी अशी की, फाटक कायमचे बंद करावे, मधे आठ फुटांची भिंत घालावी आणि 'त्या' इमारतीच्या रहिवाशांनी मागची गल्ली वापरावी. कामगारांच्या वतीने आम्हांला बोलावणे आले. मनोऱ्याच्या तळमजल्यावरच्या थंडगार दिवाणखान्यात बैठक भरली. आमच्याबरोबर तीन म्हातारे कामगार होते. त्यांतल्या एकाने चपला दाराबाहेर काढल्या. त्याला कोणी सांगितले नव्हते. ते पाहून आम्हांला त्याचाच राग आला आणि मग रागाचीही लाज वाटली.

मनोऱ्यातली माणसे दुष्ट होती असे आम्ही म्हणणार नाही. युनियनच्या माणसाला समोरचा दुष्ट असला की सोपे जाते. पण तसे नव्हते. एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, त्यांनी आम्हांला आधी पाणी विचारले. एक तरुण जोडपे होते, त्यांच्या डोक्यावर वीस वर्षांचे कर्ज होते आणि घराची किंमत उतरली तर आपण बुडालो, अशी त्यांची प्रामाणिक भीती होती. अर्जातली कारणे अशी होती : वस्तीची शांतता बिघडेल, पाण्याच्या दाबावर ताण पडेल, अनोळखी माणसांची ये-जा वाढून स्त्रियांना असुरक्षित वाटेल आणि मुलांवर भलते संस्कार होतील.

आम्ही विचारले, आपल्याकडे धुणीभांडी करायला बायका कुठून येतात? गाडी कोण चालवते? उत्तर अर्थातच आमच्याच वस्तीतून. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ही माणसे अनोळखी नव्हेत. त्यांच्या हाती घराची किल्ली असते, लहान मूल असते. सहा वाजले की ती अनोळखी होतात. या टोल्यावर आम्ही स्वतःशी खूश झालो, हेही कबूल करतो.

इथे क्षणभर मुंबई सोडून दुसरीकडे जाऊ. हा रोग एका गावचा नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला लागून यॉन्कर्स नावाचे शहर आहे. तिथली सरकारी घरे वर्षानुवर्षे शहराच्या एकाच कोपऱ्यात बांधली गेली आणि त्यांत मुख्यतः काळे व स्पॅनिशभाषक लोक राहत. १९८५ साली न्यायाधीश लेनर्ड सँड यांनी हा बुद्ध्या केलेला भेदभाव ठरवला आणि गोऱ्या वस्त्यांतही घरे बांधण्यास फर्मावले. शहर परिषद ऐकेना. १९८८ साली न्यायाधीशांनी दंड लावला. पहिल्या दिवशी १०० डॉलर आणि मग दर दिवशी दुप्पट. आपल्याकडची बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट आठवा! काही आठवड्यांत दंड रोजचा दहा लाख डॉलरवर आला, पालिकेच्या नोकरांना घरी बसवण्याची पाळी आली, तेव्हा कुठे परिषद वाकली. भांडण किती घरांवरून होते? अवघ्या २०० घरांवरून. ती सात ठिकाणी, दोन-दोन मजल्यांची, प्रत्येकाला स्वतंत्र दार व अंगण अशी बांधली गेली. १९९२ साली पहिली कुटुंबे राहायला आली आणि ज्या प्रलयाची भाकिते झाली होती तो काही आला नाही. विरोधाच्या मोर्च्यांत पुढे असलेली एक बाई पुढे त्याच नव्या शेजाऱ्यांना गावाची ओळख करून द्यायच्या कामाला लागली, असे आम्ही वाचले. त्या बाईविषयी आम्हांला फार आदर वाटतो. चूक करणे कोणालाही जमते. चूक केली त्याच गल्लीत पुन्हा तोंड दाखवणे कठीण.

दुसरे उदाहरण व्हिएन्नाचे. १९२७ ते १९३० या काळात तिथल्या नगरपालिकेने कार्ल मार्क्स होफ नावाची कामगारांची वसाहत बांधली. १,३८२ घरे. कुठे बांधली? शहराच्या सुखवस्तू भागात. आत धुलाईघर, स्नानगृहे, बालवाडी, वाचनालय. पैसा आला तो घरांवरच्या करातून, आणि ज्याचे घर मोठे त्याला कर मोठा. त्याच दशकात आमच्या मुंबईत गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बीडीडी चाळी उठल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. पैसा कापसाच्या गाठीवरच्या करातून. चाळी बांधून झाल्यावर कित्येक वर्षे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्याच होत्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग केला गेला. घर आणि कोठडी यांत फारसा फेरफार करावा लागला नाही, यावरून त्या घराची कल्पना यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना त्या चाळींच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली, ही मात्र मनापासून आनंदाची गोष्ट.

आमचे सांगणे एवढेच की, शेजाऱ्याची भीती काही आकाशातून पडत नाही. गरिबाला मागचा कोपरा द्यायचा, एका उंच इमारतीत सव्वादोनशे फुटांचे खण रचायचे, उद्वाहकाचा नि पाण्याच्या पंपाचा महिन्याचा खर्च निवृत्त कामगाराने कुठून आणावा, याचा विचार करायचा नाही. मग पाच वर्षांत लिफ्ट बंद, जिना अंधारा, भिंतीवर पान. आणि मग शेजाऱ्याने बोट दाखवायचे की, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? २०१३ साली राज्य सरकारने मोठ्या भूखंडांवर वीस टक्के घरे लहान उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवण्याचा नियम केला. नियम चांगला, पण तीच घरे दुसऱ्या जागी बांधून देण्याची मुभाही त्यात ठेवली. पंगतीत पान मांडले आणि सांगितले, हवे तर मागल्या दारी वाढा. कोण पंगतीत वाढील?

पण बंधुभगिनींनो, हे सगळे त्या बैठकीत बोलून झाल्यावर जे घडले ते आता सांगितले पाहिजे.

मनोऱ्याच्या मंडळींत एक वृद्ध वकील होते. ते तासभर गप्प बसले होते. आमचे बोलणे संपल्यावर त्यांनी एक फाइल उघडली. माहितीच्या अधिकारात त्यांनी महापालिकेतून त्या भागातले जुने हरकतीचे अर्ज मिळवले होते. त्यांतला एक कागद त्यांनी आमच्यापुढे सरकवला आणि अगदी सौम्यपणे विचारले, "ही सही आपलीच ना?"

सही आमचीच होती.

१९९९ सालची गोष्ट. आमच्या चाळीच्या शेजारी पालिकेचा एक रिकामा भूखंड होता. रस्तारुंदीत काही झोपडी हलवायची होती, साठेक बिऱ्हाडे. कोणी टोपल्या विणणारे, कोणी फळे विकणारे, कोणी नाका कामगार. पालिकेच्या मनात त्यांच्यासाठी त्या भूखंडावर इमारत बांधायचे आले. आमची चाळ खवळली. आम्ही तेव्हा चाळीच्या कमिटीचे चिटणीस. अक्षर बरे आणि भाषा बरी म्हणून अर्ज लिहायला आम्हांलाच बसवले. तो अर्ज चौदा वर्षांनी आम्ही त्या थंडगार दिवाणखान्यात वाचला. वस्तीची शांतता बिघडेल. पाण्याच्या दाबावर ताण पडेल. स्त्रियांना असुरक्षित वाटेल. मुलांवर भलते संस्कार होतील. वाक्ये तीच. आमची भाषा मात्र जास्त चांगली होती.

आम्ही संपकऱ्याचे चिरंजीव, लाल झेंड्याखाली वाढलेले! वडिलांना कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. ते फार बोलत नसत. त्या रात्री त्यांनी साचेखात्याची एक गोष्ट तेवढी सांगितली. पूर्वी धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. धागा तुटला की पुन्हा तोंडाने. म्हणून साचेखात्यात, जिथे पगार चांगला, तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. मज्जाव फक्त मालकाने केला होता असे नाही. धागा उष्टा होतो, असे म्हणणारे आपलेच कामगार होते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी असा आग्रह धरला, तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली होती. वडिलांनी हे त्यांच्या वडिलांकडून ऐकले होते. गोष्ट सांगून ते झोपले. आम्ही अर्ज मागे घेतला नाही. पाण्याचा प्रश्न खरा आहे, अशी स्वतःची समजूत घातली. आणि पाण्याचा प्रश्न खराही होता. सकाळी दीड तास करंगळीएवढी धार येत असे. फक्त पाणी वाढवून मागणारा अर्ज आम्ही त्या वर्षी लिहिला नव्हता.

भूखंडावर इमारत झाली नाही. ती साठ बिऱ्हाडे मानखुर्दला गेली.

दिवाणखान्यात आमच्या तोंडून शब्द फुटेना. बरोबरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाची त्या अर्जावर आमच्याच खाली सही होती, ती त्याने चष्मा लावून ओळखली. वकीलसाहेब म्हणाले, "मी तुम्हांला खिजवायला हे काढले नाही. माणसे अशी असतात, एवढेच दाखवायचे होते." आम्ही म्हणालो, "साहेब, सही आमची आहे. अर्ज चुकीचा होता. तुमचाही तसाच आहे." याच्यापुढे आमच्याजवळ मुद्दा उरला नव्हता. त्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मग विचारले की, मागच्या गल्लीतून रुग्णवाहिका जाते का? जात नाही, असे आम्ही सांगितले. तुमच्या इमारतीत साठीच्या पुढची माणसे किती? जवळजवळ घरटी एक.

त्या दिवशी ठरले ते एवढेच की, भिंत तूर्त घालू नये आणि फाटक रुग्णवाहिकेसाठी व प्रेतयात्रेसाठी उघडावे. आजारी पडल्यावर किंवा मेल्यावर समोरच्या दाराने जायची परवानगी! आमचे तरुण कार्यकर्ते भडकले. आम्ही म्हटले, घ्या. युनियनच्या कामात पहिली वाढ अशीच चार आण्यांची मिळते. पुढल्या पावसाळ्यात मागची गल्ली तुंबली तेव्हा फाटक चार दिवस उघडे राहिले आणि कोणाच्या घरी चोरी झाली नाही. मग शाळेच्या मुलांसाठी उघडू लागले. आता ते सकाळी सहा ते रात्री दहा उघडे असते. रात्रपाळीचा रखवालदार आमच्याच इमारतीतला, अकराव्या मजल्यावरचा मुलगा आहे. दहा वाजता तो स्वतःच्या आईला बाहेर ठेवून फाटक लावतो, असे लोक थट्टेने म्हणतात. मनोऱ्याचा दुसरा अर्ज अजून पालिकेत पडून आहे, तोही सांगितला पाहिजे. प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही.

मानखुर्दला आम्ही गेलो ते त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी. जायला हवे होते आणि पाय निघत नव्हता, म्हणून दोन महिने. साठ बिऱ्हाडांतली वीस-बावीस तिथे सापडली. इमारतीला इमारत इतकी चिकटलेली की, खालच्या घरांत दुपारी दिवा लावावा लागे. टोपल्या विणणारे तो धंदा सोडून गेले होते. विणायला अंगणच नव्हते. एक केळीवाली मात्र ओळखीची निघाली. ती अजून आमच्याच नाक्यावर केळी विकायला येत होती. पहाटे हार्बरच्या गाडीने येई, रात्री गाडीने परत जाई. इतकी वर्षे आम्ही तिच्याकडून केळी घेत होतो आणि ती कुठून येते हे कधी विचारले नव्हते.

आम्ही तिला अर्जाची हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तुमची सही व्हती व्हय? आमाला वाटलं, पालिकेनंच धाडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाक्यावर होती. आम्ही नेहमीप्रमाणे अर्धा डझन मागितली. तिने मोजून सहा दिली, एरवी सातवे केळे वर घालीत असे, ते त्या दिवशी घातले नाही. पैसे मोजून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.